एआयच्या काळात असाइनमेंट कशी द्यायची: माझ्या वर्गातली पद्धत

मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कांदा निर्यातबंदीवर एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना असाइनमेंट दिली, तेव्हा साठातल्या निम्म्या मुलांनी 'एकीकडे शेतकरी, तर दुसरीकडे ग्राहक' अशीच, एआयने लिहून दिल्यासारखी सुरुवात केली होती. त्यात निफाड-चांदवड या कांद्याच्या पट्ट्यातली कितीतरी मुलं. 8 डिसेंबर 2023ला बंदी लागली तेव्हा यांच्याच घरचा माल निघत होता, आणि घरातला एक शब्द कागदावर नव्हता. त्याचं मला फार वाईट वाटलं.

पहिली सूचना: पकडापकडी करू नका. मी केली होती. एका तपासणी सॉफ्टवेअरने 'बहुतांश यंत्रलिखित' म्हटलं म्हणून दिंडोरीकडच्या एका मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं. "मॅडम, मीच लिहिलंय," एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खाडाखोड केलेली वही घेऊन आली. मी वर्गातच तिची माफी मागितली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः असा ओळखयंत्रणेचा प्रयोग जानेवारी 2023 मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्यापैकी 26 टक्केच मजकूर पकडला गेला होता, आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का बसला होता. अशा आकड्यावर कुणाचे गुण कापायचे नाहीत.

खरी मेहनत प्रश्न काढताना घ्या. आता मी विचारते: घरातली बाजार समितीची एखादी हिशोबपट्टी आणा. वजन किती, भाव काय, कपात कोणती, हातात किती आले? त्यातून वाहतूक आणि मजुरी वजा करा, मग क्विंटलमागे काय उरलं ते सांगा. शेवटी बंदीबद्दल तुमचं मत. हे आकडे यंत्राकडे नसतात. ते घरी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. पट्टी समोर आली की मुलं प्रश्न विचारू लागतात. "मॅडम, ही तोलाई नक्की कशाची?" तोलाई म्हणजे माल तोलण्याचे पैसे; या एका प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला. शहरातल्या, सिडको-सातपूरच्या मुलांकडे पट्टी नसते. त्यांनी एकाच भाजीवाल्याकडचा कांद्याचा भाव तीन आठवडे लिहून ठेवायचा.

पहिला मसुदा वर्गातच, हाताने, चाळीस मिनिटांत. शुद्धलेखनाचे गुण तिथे कापू नका, नाहीतर मुलं पुन्हा फोनकडे वळतात.

मग तोंडी. प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे साठ मुलांचे पाच तास होतात. मी ते दोन आठवड्यांच्या रिकाम्या तासांत बसवते. दोनच प्रश्न: हा आकडा कुठून आला, आणि मसुद्यातलं कोणतं वाक्य बदललंस, का? ज्याने लिहिलंय तो लगेच बोलायला लागतो. अडखळला तर गुण शून्य करू नका, पुन्हा लिहून आणायला सांगा.

एआय वापरायला बंदी घालू नका. घातली तरी ती पाळली जाणार नाही. उलट एक काम उघडपणे त्यावरच द्या: हाच प्रश्न यंत्राला विचारा, उत्तराची प्रिंट काढा आणि चुका लाल पेनने दाखवा. चांदवडच्या एका मुलाच्या प्रिंटवर वाक्य होतं, 'डिसेंबरमध्ये नवा उन्हाळ कांदा बाजारात येतो.' त्याने शेजारी लिहिलं, "डिसेंबरात लाल कांदा येतो. उन्हाळ मार्च-एप्रिलात निघतो, मग आम्ही चाळीत भरतो." एरवी तो वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी कांदा साठवायच्या या चाळीत हवा कशी खेळती ठेवतात, ते त्याने फळ्यावर काढून दाखवलं. घरात बापाच्या तोंडी असलेल्या हिशोबाला अर्थशास्त्राची भाषा मिळावी, एवढ्यासाठी मी शिकवते.

एक काळजी मात्र घ्या. पट्टीवर नाव, गाव, कधी बँकेचा तपशीलही असतो. तो झाकूनच झेरॉक्स घ्यायला सांगा आणि पट्टीचा फोटो कोणत्याही अ‍ॅपवर चढवू देऊ नका. घरी विचारल्याशिवाय आणायची नाही, हेही आधीच सांगा. एका मुलीचे वडील "नको" म्हणाले. त्या वर्षी माल तोट्यात गेला होता. तिला मी कारण विचारत बसले नाही, भाजीवाल्याचा पर्याय दिला.