एकच तार उतरते की सगळ्या?

इलेक्ट्रिक गिटार सुरात टिकत नाही म्हणून लगेच नव्या खुंट्या आणायला धावू नका. बहुतेक वेळा दोष नटमध्ये, म्हणजे खुंट्यांजवळच्या ज्या खाचांच्या पट्टीवरून तारा जातात तिच्यात निघतो.

'जी' (G), म्हणजे तिसरी तार सुरात लावून एक जोरदार बेंड मारा, म्हणजे तार बोटाने आडवी ताणून सोडा. सूर उतरला, तर नट आणि खुंटीच्या मधल्या भागात तार बोटाने दाबून सोडा. सूर जागेवर आला? मग तार नटच्या खाचेतच अडकतेय. खुंटी पिळताना 'टिक्' वाजून सूर उडी मारतो, तेही याचंच लक्षण. तार सैल करून बाजूला घ्या, खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तरीही अडकली तर खाच अरुंद आहे. ती जाणकाराकडूनच घासून घ्या, जास्त घासली गेली तर तार फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) झणझणते.

नव्या तारा असतील तर बाराव्या फ्रेटपाशी प्रत्येक तार हलकेच वर ओढा, पुन्हा लावा. असं 4-5 वेळा. खुंटीवर 2-3 वेढे पुरेत, एकावर एक चढलेले नकोत. सूर चढला तर आधी खाली उतरवा, मग वर आणत थांबवा, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढील नंतर सुटते.

सगळ्याच तारा एकदम सरकल्या तर हवामान किंवा ट्रेमोलोच्या (सगळ्या तारा एकदम सैल-घट्ट करणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा बघा. बेळगाव-खानापूरच्या पावसात नेकचं (दांड्याचं) लाकूड ओल धरतं. गणपतीच्या मंडपात वाजवायचं असेल तर गिटार अर्धा तास आधी केसबाहेर काढून ठेवा, मगच ट्यूनर लावा.