कावळा पण लिहा रे! खाडीवर पक्षी मोजताना मी खाल्लेली माती

दुर्बीण कुठली घ्यायची, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ॲपवर, अकाउंट कसं उघडायचं हे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहितीये. मला एकच सांगायचंय, ज्यात माझे दोन हिवाळे वाया गेले.

आंजर्ल्याच्या खाडीवर मी दर रविवारी जायचे. समुद्री गरुड दिसला, लिहिला. कुरल दिसला, लिहिला. कावळे, घारी, गायबगळे? ते काय रोजचेच, त्यात काय लिहायचं. आणि जे लिहायचे त्यांच्यापुढे पण आकडा नाही, नुसती फुली. मग शेवटी ॲप विचारतं ना, की तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आहेत का, तिथे बिनधास्त 'हो' दाबून चहा प्यायला मोकळी.

तो प्रश्न म्हणजे न वाचता 'ओके' करायची गोष्ट नाही हो. 'हो' म्हटलं की यादीत नसलेला पक्षी तुम्हाला तिथे दिसलाच नाही असा अर्थ धरतात. 100 पूर्ण याद्यांपैकी कितींमधे अमुक पक्षी आहे, आणि तो आकडा वर्षागणिक वाढतोय की घसरतोय, यावरून पक्ष्याचं बरं चाललंय की वाईट ते काढतात. 2023 चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल असाच झालाय, 942 जाती, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांच्या तब्बल 3 कोटींवर नोंदी. त्यात माझं योगदान काय, तर हर्णैच्या मासळीबाजारापासून हाकेच्या अंतरावर दोन वर्षं एकही कावळा नव्हता!

कळलं कधी, तर शेजारच्या एका खाडीत भराव पडणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा. तिथल्या पण माझ्या वीसेक याद्या होत्या. ओळखीतल्या एका काकांचा फोन आला, "हिवाळ्यात तिथे चिखल्या साधारण किती उतरतात गं? तुझ्याकडे आकडे असतील." चिखल्या म्हणजे चिखलावर थव्याने उतरणारे छोटे पक्षी. माझ्याकडे फुल्या होत्या. आता 5 चिखल्या उतरतात ती जागा आणि 500 उतरतात ती जागा, फुलीत दोन्ही सारख्याच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण घाबरू नका, जुनी यादी उघडून 'हो'चं 'नाही' करता येतं, मी अख्खा पावसाळा बसून तेच केलं. फुलीचा आकडा मात्र आठवणीतून करू नका, ती थापच. पुढच्या वेळेपासून थव्यातले दहा मोजा, तेवढ्यांनी किती जागा धरली ते डोळ्यात ठेवा आणि तेवढ्या तेवढ्या जागेचे तुकडे पाडत अख्खा थवा मोजत जा. अंदाजे 200 लिहिलं तरी फुलीपेक्षा लाखपट बरं.

वेळ पण बघून जा. ओहोटीला सगळे लांब चिखलावर पांगतात, नुसते ठिपके दिसतात. भरतीला चिखल झाकला की वाळूवर दाटीवाटीने बसतात, तेव्हा मोजायचे. भरतीची वेळ सांगणारी ॲप आहेत, पण माझ्या आजीचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला 3 वाजता भरती, अष्टमीला 6. थोडं मागेपुढे होतं, पण घरातून कधी निघायचं ते कळतं.

मर्लिन नावाच्या ॲपने आवाज ऐकून नाव सांगितलं म्हणून नोंद टाकणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्ट सांगते. तुम्ही पाहिला किंवा तुमच्या कानाने ओळखला तरच लिहा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पडायच्या आत नाव सांगणारे गुरू तर लांबूनच नमस्कार करण्यासारखे. माझे काका अजून म्हणतात, "सँड प्लोव्हर आहे, पुढचं मला नाही कळत." तेवढंच, म्हणजे नेमकी जात न सांगता नुसता गट, लिहायचा पर्याय ईबर्डमधे असतो, वापरा, त्यात कमीपणा नाही. आणि गरुडाच्या घरट्याचं लोकेशन टाकलंत तर मात्र आपलं भांडण.

गेल्या रविवारी द्वादशी, भरती नऊच्या सुमाराची. पाऊण तास एका जागी उभी होते. कुरव अंदाजे 350, घारी 14, कावळे 61. शेजारी जाळं सोडवत बसलेल्या मामी मघापासून बघत होत्या.

"काय गं, कावळे पण मोजतेस?"

"हो मामी."

"मग तो बघ, होडीच्या मागे एक राहिला."

62 केले.