उपनगरात परवडणारं जेवण शोधताना या चुका टाळा : जळगाव-धुळ्यात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

जळगावात खोली बघायची तर लोक पिंप्राळा, खोटेनगर, मेहरूण, अयोध्यानगर असे बाहेरच्या अंगाचे भाग बघतात. धुळ्यात देवपूर, वलवाडी, मोहाडी. भाडं परवडतं म्हणून खोली घेतली जाते आणि महिना संपता संपता लक्षात येतं, की भाड्यात वाचलेले पैसे जेवणात गेले. जळगावजवळच्या बांभोरीच्या विद्यापीठात शिकायला आलेली मुलं-मुली, एमआयडीसीत कामाला लागलेली पोरं, बदलीवर आलेले शिक्षक, धुळ्यात चक्करबर्डीच्या सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ राहिलेले नातेवाईक, सगळ्यांची हीच तक्रार असते : "इकडे जेवायला काही नाही, आहे ते महाग."

असं खरंच नाही. खानदेशात आजही साध्या माणसाला पोटभर आणि चवीचं जेवता येतं. फक्त उपनगरातली रोजच्या जेवणाची जागा पाटी लावून बसत नाही. ती रोज जेवणाऱ्यांना माहीत असते, आणि नवा माणूस नेमकं त्यांनाच विचारत नाही.

हायवेवरच्या हॉटेलांवरून दराचा अंदाज बांधणं

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं महामार्गांवर वाढली. उपनगरं या रस्त्यांच्या कडेने पसरली, त्यामुळे खोलीतून बाहेर पडल्यावर पहिली दिसतात ती हायवेची हॉटेलं आणि ढाबे. ते दर प्रवाशांसाठी, रविवारी गाडी काढून आलेल्या कुटुंबांसाठी लावलेले असतात. फॅमिली रूम, पार्किंग, रोषणाई, सगळ्याचा खर्च त्या ताटात येतो. महिन्यातून एकदा जायला ठीक, रोजचं जेवण तिथे नको.

मोबाइलच्या नकाशावर शोधलं तरी हीच नावं वर येतात. घरगुती मेस, पोळी-भाजी केंद्र, दुपारपुरती लागणारी खानावळ यांतलं बरंचसं नकाशावर नसतं. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवरचे दर बघून "या भागात सगळं महाग" असं ठरवणं हीसुद्धा चूकच आहे. ॲप हॉटेलकडून कमिशन घेतं, म्हणून तोच पदार्थ काउंटरवर बऱ्याचदा कमी पैशांत मिळतो.

मग विचारायचं कोणाला? माझं पहिलं उत्तर पिठाची गिरणी. घरी दोन डबे दळणारी बाई आणि मेस चालवणारी बाई यांच्या दळणातला फरक गिरणीवाल्याला रोज दिसतो. कोणाकडे गव्हाची पोती येतात, कोण ज्वारीत उडीद मिसळून कळण्याचं पीठ नेतं, कोणाचं दळण महिन्याभरात निम्म्यावर आलं, हे त्याला न विचारता माहीत असतं. दुसरा पाण्याचे जार टाकणारा. तिसरं म्हणजे कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान. रिक्षा स्टँडवर विचारलंत तर "चांगलं हॉटेल कुठे?" असं विचारू नका, कारण उत्तरात पाहुण्यांना नेतात ते हॉटेल मिळेल. "भाऊ, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" असं विचारा.

शेवभाजीचा आकडा बघून आत बसणं

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेवभाजी हा खानदेशी हॉटेलचा कणा. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, वर तर्री, आणि वाढायच्या वेळी टाकलेली जाड तिखट शेव. फलकावर जो दर असतो तो फक्त भाजीचा. पोळी वेगळी, भाकरी वेगळी, भात वेगळा, काही ठिकाणी भाजलेला पापडही वेगळा. भाकरी हाताने थापावी लागते म्हणून ती बहुतेक ठिकाणी पोळीपेक्षा महाग असते.

समजा, भाजी १२० रुपये आणि पोळी १२ रुपये. एकट्याने फुल प्लेट आणि चार पोळ्या घेतल्या की १६८ रुपये झाले. पाण्याची बाटली धरली की १९० च्या घरात. तीच भाजी दोघांनी घेतली आणि आठ पोळ्या खाल्ल्या तर बिल २१६, म्हणजे माणशी १०८. फुल प्लेट एकट्याला संपत नाही, शेव रस्सा पिऊन फुगते आणि निम्मी भाजी ताटात राहते. म्हणून एकटे असाल तर हाफ आहे का ते विचारा. फलकावर लिहिलेली नसली तरी अनेक ठिकाणी मिळते. दोघं असाल तर एकच फुल सांगा आणि "रस्सा परत मिळेल ना?" हे आधीच विचारून घ्या. बऱ्याच जागी नुसत्या रश्श्याचे पैसे घेत नाहीत, काही जागी घेतात. बसल्या बसल्या विचारलं की बिलाच्या वेळी वाद होत नाही.

खोलीवर गॅस किंवा शेगडी असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे. फरसाणाच्या दुकानात भाजीची शेव म्हणून जाड शेव वेगळी मिळते. कांदा-लसूण परतून, घरून आणलेला काळा मसाला घालून रस्सा उकळायचा, ताट वाढताना शेव टाकायची, आणि पोळ्या तेवढ्या पोळी-भाजी केंद्रातून आणायच्या. पोळ्या नगावर मिळतात. होस्टेलबाहेर राहणारी कितीतरी मुलं आठवड्यातले दोन-तीन दिवस असंच भागवतात आणि चांगलं जेवतात. शेव आधीच घालून ठेवली तर लगदा होतो, तेवढं सांभाळा.

थाळी घ्यायची असेल तर "अनलिमिटेड" हा शब्द वाचून खूश होऊ नका. काय काय अनलिमिटेड, ते विचारा. कुठे फक्त पोळी आणि भात, कुठे वरण-भाजीही. तुमचा आहार तीन पोळ्यांचा असेल तर मर्यादित थाळीच परवडते.

महिन्याचे पैसे आधी भरून टाकणं

रोजच्यासाठी मेसच बरी, यात शंका नाही. पण मेस लावताना घाई करू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजं सुरू होतात तेव्हा प्रत्येक मेसला नवी माणसं हवी असतात. त्या दिवसांत ताटात दोन भाज्या, कोशिंबीर, रविवारी गोड. माणसं भरली की भाजी एक आणि वरण पातळ होतं. म्हणून सुट्टं ताट घेऊन वेगवेगळ्या दिवशी जेवून बघा, त्यातलं एक जेवण रात्रीचं असू द्या. दुपारची उरलेली भाजी रात्री फोडणी देऊन पुढे येते का, हे रात्रीच कळतं. तिथे आधीपासून जेवणाऱ्यांत जुनी मुलं आहेत का बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं टिकून असतील तर मेस बरी.

मग मालकीणबाईंशी मोकळेपणाने बोला. बहुतेक घरगुती मेस बायकाच चालवतात, पहाटेपासून राबतात, आणि स्पष्ट विचारलेलं त्यांना आवडतं. "मावशी, गावी गेलो तर खाडे धरता का?" हा पहिला प्रश्न. काही मेसमध्ये सलग तीन-चार दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच पैसे वजा होतात, कुठे अजिबात होत नाहीत. रविवारी रात्री बंद असते का, दिवाळीत किती दिवस बंद, पाहुणा आला तर ताटाचे किती, डबा घेतला तर वेगळा दर आहे का, हे सगळं पहिल्याच दिवशी. खानदेशातली मुलं शनिवार-रविवार एसटीने गावी जाऊन येतात. तुम्हीही त्यांतले असाल तर महिन्याच्या मेसपेक्षा कूपनावर चालणारी मेस स्वस्त पडेल, कारण जेवाल तेवढीच कूपनं जातील.

पैसे भरलेत आणि जेवण बिघडलं, तर लगेच भांडून मेस सोडू नका. आधी दोघा-तिघांनी मिळून सांगा, चारचौघांत नको. नेमकं सांगा : पोळ्या कच्च्या राहतात, भाजीत तेल फार आहे, मंगळवारची भाजी शिळी होती. फरक पडला नाही तर पुढच्या महिन्यापासून पंधरा दिवसांचेच पैसे द्या. आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ठेवा, वहीतली सही किंवा मोबाइलवरची पावती. रोख देऊन विसरलात की तुमच्याकडे काहीच राहत नाही.

वेळ चुकवणं

उपनगरातल्या गाड्या आणि खानावळी आपल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळावर चालतात. पोहे, कचोरी, रस्सा-वडा सकाळचे. अकरानंतर गेलात तर कढई उतरलेली असते. एमआयडीसीतल्या खानावळी कामगारांच्या जेवणाच्या सुटीत गरम वाढतात आणि त्यानंतर गार. साप्ताहिक सुटीच्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो. मेसमध्येही शेवटी येणाऱ्याला तळातली भाजी मिळते. उशीर होणार असेल तर फोन करा, ताट झाकून ठेवतात.

एप्रिल-मेमध्ये इकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात आणि अनेक गाड्या संध्याकाळी उन्ह उतरल्यावरच लागतात. या दिवसांत उघड्यावरची ओल्या खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची ओली चटणी, सकाळी कापून ठेवलेला कांदा आणि कोमट मठ्ठा टाळा. रस्सा उकळता असेल तर त्याची भीती कमी. स्वस्त जेवणाने पोट बिघडतं असं लोक म्हणतात, पण उन्हाळ्यात पोट बिघडवतात त्या बहुतेक वेळा या न शिजवलेल्या गोष्टी आणि पाणी.

भरीत प्लेटवर घेणं, आणि अवेळी घेणं

खानदेशात राहून भरताचा मोसम वाया घालवू नका, ते स्वस्त जेवण आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भालोद-बामणोदकडची ही हिरवट-पांढरी मोठी वांगी थंडीत भरभरून येतात. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली असली तर चव आणखी खुलते. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

थंडीत ठिकठिकाणी भरीत किलोवर मिळतं. चार मित्रांनी मिळून किलोवर घेतलं आणि भाकऱ्या वेगळ्या आणल्या तर हॉटेलातल्या चार प्लेटींपेक्षा बरंच स्वस्त पडतं. चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य असतं, ते चंपाषष्ठीला पुन्हा सुरू होतं, त्यामुळे चंपाषष्ठीच्या सुमारास मागणी चढते आणि भावही चढतो. थोडं थांबा, पौषात निवांत खा. आणि मे महिन्यात फलकावर "खानदेशी भरीत" दिसलं तर ते मोसमातलं वांगं नाही हे समजून पैसे द्या.

तिखट सोसत नसताना गप्प बसणं

बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात घाबरतात आणि इडली-डोसा, पाव यांवर पैसे घालवू लागतात. त्याची गरज नाही. भाजी सांगताना "मध्यम करा, तर्री वरून देऊ नका" म्हणा. वरण-बट्टी, साधी खिचडी, उडदाची डाळ हे पदार्थ तिखट कमी करून मिळतात आणि भूकही भागवतात. वरण-बट्टी तर एकदा खाल्ली की संध्याकाळपर्यंत जेवणाकडे बघावं लागत नाही.

शिवभोजन थाळी माहीत नसणं

दवाखान्यात पेशंटजवळ असलेल्यांसाठी आणि हातावर पोट असलेल्यांसाठी हे मुद्दाम लिहितो. राज्य सरकारची शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात असं ताट ठरलं. केंद्रं बहुतेक बस स्टँड, दवाखाना, बाजार अशा गर्दीच्या ठिकाणी दिलेली, उपनगरात क्वचित. जेवण फक्त दुपारी, आणि केंद्राला ताटांची संख्या ठरवून दिलेली असते, म्हणून वेळ सुरू होताच जा. मुख्य म्हणजे जाण्याआधी तिथल्याच माणसांना केंद्र चालू आहे का ते विचारा, काही केंद्रं मधूनच बंद होतात. तिथे जेवायला लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

बिल न वाचता पैसे देणं

साध्या हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. तो लावला असेल तर बिलावर १५ अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, तर तो भरू नका. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्याने बिलावर लिहायचं असतं. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, तेव्हा तो काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

छोट्या घरगुती मेसकडे जीएसटी क्रमांक नसणं गैर नाही, उलाढाल कमी असली तर तो लागतच नाही. मात्र खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाची अन्नसुरक्षा (एफएसएसएआय) नोंदणी असायला हवी. तिचा क्रमांक १४ आकडी असतो आणि तो भिंतीवर लावायचा असतो. मेस लावायच्या आधी तेवढी नजर टाका, आणि जमलं तर पाण्याच्या टाकीवरही.