इक्वेटोरियल माउंट अल्ट-ॲझ करायचाय? बॅलन्स आधी करा, ९० अंश नंतर

न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण इक्वेटोरियल माउंटवर (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे तिरका रोखलेला असतो अशा स्टँडवर) असली की आयपीस (डोळा लावायचं भिंग) कधी डोक्याच्या वर, कधी पोटाशी, कधी पार ट्यूबच्या खाली जातो आणि दरवेळी रिंगा ढिल्या करून ट्यूब फिरवत बसावं लागतं, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल, लहान मुलांना चंद्र दाखवायचा असेल किंवा जिथून बघताय तिथून ध्रुवतारा दिसतच नसेल, तर तोच माउंट अल्ट-ॲझ (फक्त डावीउजवीकडे आणि वर-खाली फिरणारा) म्हणून मस्त चालतो, आणि आयपीस कायम एकाच बाजूला राहतो.

तत्त्व अगदी साधं आहे. आरएचा (ध्रुवाकडे रोखलेला) अक्ष जमिनीशी तुमच्या अक्षांशाएवढा कोन करून असतो, तो कोन ९० केला की अक्ष सरळ उभा राहतो, मग आरए फिरवलं की दुर्बीण डावीउजवीकडे जाते आणि डेक (त्याला काटकोनातला दुसरा अक्ष) फिरवलं की वर-खाली. बस, झाला अल्ट-ॲझ. (उत्तर ध्रुवावर उभं राहून हेच केलं तर तो चक्क नीट पोलर अलाइन केलेला, म्हणजे ध्रुवाकडे अचूक रोखलेला, इक्वेटोरियल माउंट असेल, कारण तिथला अक्षांशच ९० आहे. मला हे फार आवडतं.)

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बरेच जण विसरतात. बॅलन्स माउंट उभा करायच्या आधी करायचा. अक्ष उभा झाला की गुरुत्वाकर्षण त्याला कुठल्याच बाजूला फिरवत नाही, म्हणजे काउंटरवेट (ट्यूबचा तोल सांभाळणारं वजन) दांडीवर कुठेही असला तरी क्लच (अक्ष अडवून ठेवणारी पकड) सोडल्यावर दुर्बीण जागची हलणार नाही आणि तुम्हाला वाटेल की वा, काय बॅलन्स आहे! प्रत्यक्षात सगळं वजन एका बाजूला लटकत असतं, बेअरिंगवर तिरका ताण येतो आणि ट्रायपॉड कलंडायची भीती राहते. म्हणून आधी नेहमीच्या अक्षांशावर दांडी आडवी करून ट्यूब आणि काउंटरवेट जुळवा, तिथे दांडीवर मार्करने खूण करा, मग डेकचा बॅलन्स करा, तोही फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि तुमचा सगळ्यात जड आयपीस लावून. डेक आता वर-खालीचं काम करणार आहे, तिथे बॅलन्स चुकला तर ट्यूब नाकावर पडते नाहीतर शेपटीवर.

बॅलन्स झाला की ट्यूब काढा आणि काउंटरवेटही काढा. वजन लावलेलं असताना अक्षांशाचे (अक्षाचा कोन बदलणारे) बोल्ट फिरवत बसू नका, हे बोल्ट वाकतात, मी एक वाकवलेला आहे. बाजूचा लॉक ढिला करा, एक बोल्ट मागे घ्या, दुसरा आत घ्या आणि हेड (माउंटचा वरचा भाग) हळूहळू उभं करत जा. काही माउंट सरळ ९० पर्यंत जातात, पण बऱ्याच जणांचं मधेच अडतं, कारण पोलर स्कोपची (अक्षातल्या ध्रुवतारा बघायच्या नळीची) खालची बाजू किंवा मोटरचा डबा बेसला टेकतो. तिथे जोर लावायचा नाही.

अडलं तर उरलेला कोन खालून भरून काढायचा. समजा माउंट ७० अंशांवर थांबला, तर २० अंश उरले. ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये पाचरीसारखा लाकडी ठोकळा लागेल. ठोकळा १५० मिलिमीटर लांब असेल तर एका टोकाला जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या टोकाला साधारण ५५ मिलिमीटर जाडी लागते (१५० गुणिले टॅन २०). त्यातून बोल्ट जायचाय म्हणून पातळ टोकालाही थोडी जाडी ठेवा, म्हणजे दोन्हीकडे सारखीच वाढवा, कोन तोच राहतो. जाड बाजू कुठे, तर आरए अक्षाचं वरचं टोक ज्या बाजूला झुकलेलं आहे त्याच बाजूला. ट्रायपॉडच्या मधल्या एकाच बोल्टने दोन्ही कामं होणार नाहीत कारण वरचा पृष्ठभाग तिरका आहे, ठोकळा ट्रायपॉडला एका बोल्टने आणि माउंट ठोकळ्याला वेगळ्या बोल्टने, वरच्या पृष्ठभागाशी काटकोनात, असं करा. दोन-चार अंशांचाच प्रश्न असेल तर त्या बाजूचा पाय थोडा लांब केला तरी चालतं, पण २० अंश पायांवर काढायला जाऊ नका, सगळा स्टँडच आडवा होईल.

अक्ष खरंच उभा झालाय का हे कसं बघायचं? ट्रायपॉडवर लेव्हल ठेवून नाही, काउंटरवेटच्या दांडीवर ठेवून. दांडी आरए अक्षाशी काटकोनात असते, म्हणून आरए पूर्ण गोल फिरवताना दांडी सगळीकडे सपाट राहिली तर अक्ष उभा. एका दिशेची चूक अक्षांशाच्या बोल्टने काढा, आडव्या दिशेची पायांनी. मग बाजूचा लॉक घट्ट आवळा, काउंटरवेट खुणेवर लावा आणि शेवटी ट्यूब.

ट्यूब लावताना एक सांगतो, हे टाळू नका. डोक्यावरचं काही बघताना ट्यूब सरळ उभी होते आणि डवटेल पट्टी (ट्यूबखालची पट्टी) सॅडलमधून (माउंटवरच्या तिच्या खाचेतून) थेट खाली सरकू शकते. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू स्टॉपर म्हणून लावा. आरसा फुटल्यावर हे सुचून उपयोग नाही.

वापरताना दोन्ही नॉब फिरवावे लागतात, कारण आकाश तिरकं सरकतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा १ अंशाचं फील्ड (आयपीसमध्ये दिसणारा आकाशाचा भाग) साधारण ४ मिनिटांत पार करतो, म्हणजे अर्ध्या अंशाला २ मिनिटं, सवय झाली की हात आपोआप चालतात. माउंटच्या अक्षावर १४४ दात्यांचं चाक असेल तर नॉबचा एक फेरा म्हणजे अडीच अंश. छोट्या माउंटवर डेकचा नॉब आर्मवर (पूर्ण चाकाऐवजी छोट्या दांडीवर) चालतो आणि त्याला हद्द असते, तो आधी मधोमध आणून ठेवा. नेमकं डोक्यावरचं बघताना मात्र त्रास होतो, तिथे ट्यूब जरा हलवायची तरी दिशा खूप फिरवावी लागते, मी सरळ तासभर थांबतो, तोवर ते खाली येतं. लांब रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण) असेल तर तिथे मागचं टोक पायाला धडकतं का तेही बघून घ्या, हेडखाली एक्स्टेन्शन पाइप टाकला की सुटतं.

आरएची मोटर असेल तर बंद ठेवा, ती आता फक्त दिगंशात (आडव्या दिशेत) फिरवणार आणि ते ट्रॅकिंग चुकीचंच आहे. गोटू (तारा आपोआप शोधणाऱ्या) माउंटच्या कंट्रोलरलाही अक्ष उभा केलाय हे कळत नाही, त्यासाठी स्काय-वॉचरच्या एझेड-ईक्यू सारखा दोन्ही मोडचा माउंट किंवा ऑनस्टेप सारखा अल्ट-ॲझ सेटिंग असलेला कंट्रोलर लागतो. आणि लांब एक्स्पोजरचे फोटो विसरा, ट्रॅकिंग जमलं तरी फील्ड फिरतं. चंद्राचे, ग्रहांचे छोटे व्हिडिओ चालतात.

सेटिंग सर्कल (अक्षांवरची आकड्यांची वर्तुळं) मात्र कामाला येतात, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला. ट्यूब आडवी असताना डेकचं वर्तुळ शून्यावर आणा, आता ते थेट उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची, अंशांत) दाखवतं. आरएचं वर्तुळ तासांत असतं, १ तास म्हणजे १५ अंश, ४ मिनिटं म्हणजे १ अंश. स्टेलॅरियममध्ये (आकाश दाखवणाऱ्या ॲपमध्ये) उन्नतांश-दिगंश बघायचे, एका ओळखीच्या ताऱ्यावर आरएचं वर्तुळ जुळवायचं आणि मग पुढचं शोधायचं. वर्तुळं बारीक असतात त्यामुळे अंशभर इकडेतिकडे होतं, म्हणून शोधताना कमी पॉवरचा आयपीस लावा.

काउंटरवेटची दांडी आता आडवी बाहेर येते, अंधारात बरोबर बरगडीत लागते, तिच्या टोकाला फोम आणि पांढरी टेप गुंडाळा. आणि पहिल्यांदा हेड हलवायच्या आधीच, हलणाऱ्या आणि स्थिर भागावरून एक सरळ रेघ मारून ठेवा, परत इक्वेटोरियल करताना दोन्ही रेघा जुळवल्या की तुमचा अक्षांश जवळपास सापडतो.