घोटा बरा झाला, तरी पाऊल पडत नाही: दुखापतीनंतर टेनिस कोर्टवर परतताना

घोटा मुरगळतो, सहा-आठ आठवडे घरी जातात, सूज उतरते, फिजिओ ‘आता खेळायला हरकत नाही’ म्हणतो. आणि कोर्टवर उतरल्यावर खेळ मात्र परत येत नाही. फोरहँड आखूड पडतो, बाहेरच्या, म्हणजे बाजूला लांब पडणाऱ्या चेंडूला पोचायला उशीर होतो, आधी सहज हरवलेला खेळाडू आता डोक्यावर बसतो. घरचे म्हणतात, पोराचं मन कच्चं आहे. मन कच्चं नसतं. ज्या पायाने एकदा दगा दिला त्याच्यावर शरीर लगेच भार टाकत नाही, इतकंच. हा भरवसा समजूत घालून येत नाही. पायाने काम केलेलं स्वतःला दिसावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. ते कसं करायचं ते इथे घोट्याचं उदाहरण घेऊन सांगितलं आहे. मनगट, खांदा, गुडघा यांनाही हीच रीत लागू पडते, फक्त व्यायाम बदलतात.

आधी पायाची परीक्षा घ्या, मनाची नंतर. पाय खरंच तयार नसेल तर भीती बरोबरच सांगत असते. एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करा. दुखऱ्या पायाने सलग 20 ते 25 वेळा, चांगल्या पायाइतक्याच जमल्या पाहिजेत. मग भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा आणि अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर मागे नेता येतो ते दोन्ही पायांचं मोजा. 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. शेवटी एका पायावर लांब उडी, तीन-तीन वेळा. दुखऱ्या पायाची उडी दुसऱ्याच्या किमान 90 टक्के हवी.

साताऱ्यात राहणाऱ्यांना आणखी एक सोपी परीक्षा आहे. अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढताना दम लागतो, पण घोट्याची परीक्षा उतरताना होते. उतरताना दर पावलाला ‘पाय कुठे ठेवू’ असं वाटत असेल, तर बाहेरच्या चेंडूवर तो पाय टिकायचा नाही. सांगली सपाट. तिथे कृष्णेच्या घाटाच्या कोरड्या पायऱ्या उतरून बघाव्यात. शेवाळ असेल तिकडे मात्र फिरकू नका. गुडघ्याचा मुख्य अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर हिशोबच वेगळा. टेनिससारख्या झटक्यात वळायच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका बराच वाढतो, त्यामुळे तिथे घाई नकोच.

आता मनाकडे. एक वही करा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सरावाच्या आधी सहा प्रश्नांना 0 ते 100 पैकी गुण द्या, दहाच्या टप्प्याने. एकूण खेळायचा आत्मविश्वास किती? दुखल्याशिवाय खेळता येईल याचा? पूर्ण जोर लावता येईल याचा? खेळताना दुखापतीकडे लक्ष जाणार नाही याचा? तो अवयव सामन्याचा ताण सोसेल याचा? आणि आपल्या कौशल्याचा? बेरजेला 10 ने भागा. 60 म्हणजे पुरेपूर, 40 च्या आसपास म्हणजे मध्यम, 20 म्हणजे अजून तयारी नाही. क्रीडा मानसशास्त्रात ही सहा प्रश्नांची पद्धत रुळलेली आहे. पण बेरजेपेक्षा कुठला आकडा अडून बसलाय ते बघा. कौशल्याला 90 आणि घोट्याला 30 असेल, तर तासन् तास फोरहँड घोटून काही साधणार नाही.

तोंडाने मुलं ‘नाही सर, भीती वाटत नाही’ म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. भीती पायात उतरलेली असते. म्हणून मागच्या जाळीला मोबाइल लावून स्लो मोशनमध्ये पंधरा मिनिटं चित्रण करा आणि चार गोष्टी शोधा. समोरचा चेंडू मारतो त्या क्षणाची छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, होतेय का? बाहेरच्या चेंडूवर शेवटचं पाऊल मोठं पडतंय की त्याआधी दोन-तीन बारकी पावलं जास्तीची येतात? उजव्या हाताने खेळणारा सर्व्हिसनंतर डाव्या पायावर उतरतो. डावा घोटा दुखावला असेल तर तो पाय टेकवायला चुकारपणा होतोय का? आणि चौथी गोष्ट, जी सगळ्यांच्या नजरेतून सुटते: खेळाडू तिसऱ्या-चौथ्या फटक्यालाच विनर, म्हणजे समोरच्याला पोचताच न येणारा फटका, मारायला बघतोय का? लोकांना हा आक्रमकपणा वाटतो. पुष्कळदा ती रॅली लांबू नये म्हणून केलेली पळवाट असते.

बाहेरचा फोरहँड जवळून बघा. पाय भरवशाचा असतो तेव्हा शेवटचं पाऊल लांब पडतं, गुडघा वाकतो, सिमेंटच्या कोर्टवर बुटाचा ‘चर्र’ असा आवाज येतो आणि शरीर थांबून रॅकेट पुढे जाते. भीती असते तेव्हा तो आवाजच येत नाही. पटपट बारकी पावलं ऐकू येतात, वजन आतल्या पायावर राहतं, हात एकटाच फिरतो आणि चेंडू नेटच्या पट्टीला लागतो. प्रशिक्षक ‘रॅकेट खालून वर आण’ म्हणून ओरडतो. चूक रॅकेटची नसतेच.

तालमीत वस्ताद दुखापतीतून उठलेल्या मल्लाला पहिल्याच दिवशी बरोबरीच्या जोडीशी भिडवत नाही. आधी मेहनत, मग डावाची घोटणी, मग हलक्या गड्याबरोबर सराव. कोर्टवर हेच करायचं, फक्त पायऱ्या आकड्यांत बांधायच्या.

पहिली पायरी सर्व्हिस बॉक्समध्ये, नारिंगी चेंडूने. हा चेंडू पिवळ्यापेक्षा सुमारे 50 टक्के संथ असतो, कमी उसळतो. मोठी मुलं ‘हा बारक्या पोरांचा’ म्हणून नाक मुरडतात; त्यांना कारण नीट सांगा. पंधरा मिनिटं खेळायचं आणि प्रत्येक चेंडूला स्प्लिट स्टेप घ्यायची, एवढंच काम. दुसरी पायरी 25 टक्के संथ असलेल्या हिरव्या चेंडूने पूर्ण कोर्टवर, पण चेंडू मधोमध.

तिसऱ्या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बेसलाइनच्या मध्यखुणेपासून दुखऱ्या पायाच्या बाजूला 2, 3 आणि 4 मीटरवर शंकू ठेवा. एकेरीची बाजूची रेघ मध्यापासून 4.11 मीटरवर असते, म्हणजे शेवटचा शंकू जवळजवळ रेघेवर येतो. प्रशिक्षकाने हाताने चेंडू टाकायचा आणि कुठे येणार ते आधी सांगायचं. 10 चेंडू, मग 90 सेकंद विश्रांती, असे चार फेरे. चेंडू कोर्टात पडला की नाही ते मोजायचं नाही. पाऊल पूर्ण पडलं का तेवढं मोजायचं. 10 पैकी 8 वेळा पडलं, दुखणं 10 पैकी 2 च्या वर गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नसली, तरच पुढचा शंकू. सकाळी घोटा जड वाटला तर एक पायरी मागे यायचं, तळाला जायचं नाही. सगळं पहिल्यापासून सुरू केलं की खेळाडूला पुन्हा जायबंदी झाल्यासारखं वाटतं.

इथे बहुतेक जण एक चूक करतात: अंतर, वेग आणि अनिश्चितता एकदम वाढवतात. एका वेळी एकच वाढवा. 4 मीटर जमलं की तेवढ्याच अंतरावर रॅकेटने वेगात चेंडू द्या. तेही जमलं की कुठल्या बाजूला येणार ते सांगणं बंद करा. अनिश्चितता शेवटी, कारण घोटा मुरगळतो तो बहुतेकदा अनपेक्षित पावलावर, आणि शरीराला तेच आठवत असतं. चौथी पायरी म्हणजे अडचणीतून सुरू होणारे गुण: पहिला चेंडू बाहेर, तिथून खेळ चालू. पाचवी, सरावाचे सेट.

लक्ष कुठे ठेवायचं हेही शिकवावं लागतं. ‘घोट्याकडे लक्ष दे, जपून’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण नजर आत वळली की चेंडू उशिरा दिसतो, आणि उशिरा धावणारा पायच वेडावाकडा पडतो. त्यापेक्षा चेंडूची शिवण आणि समोरच्या कोर्टातलं लक्ष्य या दोनच गोष्टी द्या. सोबत एक छोटा शब्द, ‘उडी’ पुरतो.

दोन गुणांच्या मधले 25 सेकंद मोकळे सोडू नका. भीती तिथेच शिरते. नेटकडे पाठ, गटिंगवर, म्हणजे रॅकेटच्या तारांवर नजर, 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर, पुढची सर्व्हिस कुठे ते ठरवायचं, मग चेंडूचे तीन टप्पे. घोट्यात चमक आली तर प्रश्न एकच: पाय लचकून निसटल्यासारखा झाला का, किंवा एकाच जागी टोचलं का? हो असेल तर खेळ थांबवा आणि वैद्यकीय मदत मागा. नुसती ओढ असेल तर मनात दुखण्याला 10 पैकी आकडा द्या, पुढचा गुण खेळा, बाजू बदलताना पुन्हा तपासा.

पावसाळ्यात पुनरागमन ठरवू नका. साताऱ्याच्या झडीत सिमेंटचं कोर्ट वरून कोरडं दिसतं, पण कडेला ओल असते, आणि तिथे एकदा पाय घसरला की महिन्याची कमाई जाते. त्या दिवसांत छताखाली पायांचं काम करा. अँकल सपोर्टबद्दल गैरसमज फार आहे. त्याने पाय कमकुवत होत नाही. पहिलं वर्षभर खेळताना घातलेला बरा, व्यायाम मात्र चालू ठेवायचा. आणि ताज्या मुरगळलेल्या पायाला कुणाकडून ओढून ‘चढवून’ घेऊ नका.

घरच्यांसाठी: दर चेंडूनंतर ‘दुखतंय का?’ विचारू नका. दिवसातून एकदा, रात्री जेवताना विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर चेहरा पाडू नका. चेहरा पडला की पुढच्या वेळी मूल दुखणं लपवतं. सोळा वर्षांखालची स्पर्धा दोन आठवड्यांवर असेल तर हमखास लपवतं.

पहिल्या स्पर्धा कशा जातील याची खरी कल्पना आधीच द्या. सांगलीच्या स्मृती मानधनाचं सगळे सांगतात: जानेवारी 2017 मध्ये गुडघा दुखावला आणि जूनमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध 90, पुढच्याच सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 106. त्यानंतर तिच्या बॅटमधून फारशा धावा आल्या नाहीत आणि अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली, हे कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या यशानंतर असा उतार येतोच, तो दुखापतीचा पुरावा धरू नये. 2020 चा यूएस ओपन विजेता डॉमिनिक थीम मनगटाच्या दुखापतीनंतर मार्च 2022 मध्ये परतला. मे अखेरच्या फ्रेंच ओपनपर्यंत त्याला एकही सामना जिंकता आला नाही. उलट हुआन मार्टिन देल पोत्रोने डाव्या मनगटाच्या शस्त्रक्रियांनंतर दोन हाती बॅकहँड जोरात मारता येईना, तर एका हाताच्या स्लाइसवर काम भागवलं आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जोकोविच, नदालला हरवून रौप्य घेतलं. तात्पुरता दुसरा फटका वापरणं ही माघार नव्हे.

म्हणून पहिले तीन सामने निकालासाठी खेळू नका. कोल्हापूर-पुण्याची मोठी स्पर्धा सोडा, जवळची छोटी घ्या. वहीत दोनच आकडे लिहा: किती बाहेरच्या चेंडूंवर पाऊल पूर्ण पडलं आणि पहिल्या सर्व्हिस किती आत गेल्या. स्कोअर दुसऱ्या पानावर.

सहा आठवड्यांत घोट्याचा आकडा हललाच नाही, रात्री झोप लागत नाही, किंवा रॅकेटची बॅग बघूनच छातीत धडधडतं असं झालं, तर ते सरावाने सुटणारं नाही. क्रीडा मानसतज्ज्ञाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास मोफत मिळते.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, दाराच्या चौकटीला धरून दुखऱ्या पायावर दहा वेळा टाच उचला. कालच्यासारखी उचलली गेली तर वहीत तारीख घाला आणि संध्याकाळी 4 मीटरच्या शंकूवर जा.