नागीण वेळीच कशी ओळखावी

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की अंगावर उठणाऱ्या प्रत्येक पुरळाला आपण घामोळे म्हणून मोकळे होतो आणि नेमक्या याच सवयीमुळे नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूमुळे होणारा आजार ओळखायला उशीर होतो. माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले. तिच्या पाठीच्या उजव्या बाजूला चार दिवस आग होत होती, कूलरचा झोत लागला तरी ती कळवळत असे आणि पदराचा स्पर्शही तिला सोसवत नव्हता. परंतु कातडीवर काहीच दिसत नसल्याने उसण भरली असावी असे समजून आम्ही शेकत राहिलो. पाचव्या दिवशी पुरळ उठले, तेव्हा उलगडा झाला.

म्हणून पहिली खूण वेदनेची आहे, पुरळाची नव्हे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय, मधुमेह, कर्करोगावरील उपचार किंवा स्टेरॉइडसारखी औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती उणावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा कातडीपर्यंत येतो. ज्या पट्ट्यात तो येणार असतो, तेथे पुरळ उठण्यापूर्वी एक ते पाच दिवस जळजळ, मुंग्या किंवा सुया टोचल्यासारखी कळ जाणवते. कंबरेत असल्यास ती मुतखड्याची वाटते. छातीत डावीकडे असल्यास हृदयविकाराची शंका येते, आणि तेथे मात्र अंदाज न बांधता आधी हृदयाचीच तपासणी करून घ्यावी.

पुरळ उठल्यावर चांगल्या उजेडात, शक्यतो दिवसा, पाठ आणि पोट दोन्ही पाहावे. लालसर चट्ट्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस दिसतात, ते कण्यापासून बरगडीच्या रेषेने पुढे येतात आणि बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबतात. घामोळे दोन्ही बाजूंना पसरते आणि त्यात खाज अधिक असते. नागीण एकाच बाजूला असते आणि तिच्यात ठणका अधिक असतो. पावसाळ्यात किडा अंगावर चिरडल्याने उठणारे चट्टेही असेच भाजल्यासारखे दिसतात, पण त्यांच्याआधी दिवसेंदिवस दुखत नाही. फोडांवर सुमारे सात ते दहा दिवसांत खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा बरी होते.

नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत आजही घराघरांत भीती पसरवते. ती खरी नाही. एका बाजूच्या मज्जातंतूची हद्द मध्यरेषेपाशी संपते, म्हणून विळखा सहसा पूर्णच होत नाही. मंत्र घालून नागीण उतरवण्यात किंवा गेरूचा लेप देण्यात खरा तोटा वेळेचा होतो, शिवाय फुटलेल्या फोडांत जंतुसंसर्ग होतो आणि लेपाखालचे पुरळ डॉक्टरांना नीट दिसत नाही. विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडतात. तो काळ उलटला असला तरी डॉक्टरांकडे जावेच, कारण नवे फोड येत असतील तर औषध तेव्हाही दिले जाते. वय वाढलेले असल्यास पुरळ गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ ठणका मागे राहू शकतो. आईला तो सोसताना मी पाहिले आहे.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळ्याला धोका असतो, तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कानात फोड येऊन तोंड वाकडे होणे, किंवा अंगावर दूरदूर सर्वत्र फोड उठणे, हीदेखील थांबण्याची वेळ नव्हे.

फोड सुकेपर्यंत ते झाकून ठेवावेत आणि कांजिण्या न झालेल्या गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांच्यापासून दूर राहावे, कारण फोडांतील पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात. नागपुरातील मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले आणि पहिला फोड कोणत्या दिवशी दिसला, या दोन तारखा व चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी. डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात.