सोलापूरच्या उन्हात परसबाग कशी धरावी

मृगाच्या दोन सरी पडल्या की सगळे बी आणायला धावतात. पण आपल्याकडे जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा. सोलापूरला खरा हात देतो तो सप्टेंबर. म्हणून जूनमध्ये मी फक्त गवार आणि भेंडी टोकते, त्यांना थोडी ओढ सोसते. मेथी, चाकवत, मुळा, वांगी उत्तरा-हस्तासाठी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसासाठी राखायची. वांग्याचं बी त्याआधी महिनाभर कुंडीत टाकून रोपं तयार ठेवा.

जमीन काळी असेल तर सपाट वाफा नको. हस्ताचा पाऊस लागून राहिला की पाणी साचतं आणि मेथी पिवळी पडते. वीतभर उंच गादीवाफा करा, कुजलेलं शेणखत सढळ हाताने मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याने हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते.

नळाला रोज पाणी येत नाही, हे धरूनच बाग आखायची. माझा सगळा भार मडक्यांवर. कुंभाराकडून बिनरंगाचं, न पाझरणारं नव्हे तर चांगलं पाझरणारं लाल मडकं आणा, गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. भोवती वीतभर अंतर सोडून वांगी, टोमॅटो किंवा दोडका लावा. माती सुकेल तसं मडकं पाझरतं, पाणी थेट मुळाशी जातं. मेथीला मात्र हे चालत नाही, तिला झारीच हवी.

आणि माती उघडी ठेवू नका! गुरांपुढचा उरलेला कडबा तोडून चार बोटं जाड पसरा. उघडी काळी माती भेगाळते आणि भेगांतून ओल निघून जाते. कडब्याखाली ती टिकते. मार्चपासून पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांधा, कारण झाडं करपतात ती दुपारनंतरच्या उन्हाने.

वांग्याच्या शेंड्याने मान टाकली की आत अळी आहे समजा. शेंडा खुडून जाळून टाका, वाफ्यात पडू देऊ नका. जून-जुलैत कडुलिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून, सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात. ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून, ऊन उतरल्यावर फवारायचं. अर्क त्याच दिवशी संपवा.